गाळणं सोपं, परत घेणं अवघड: मूत्रपिंड नेमकं काय करतं

प्रश्न असा आहे: "आईचं वय 61. चौदा वर्षांपासून मधुमेह, बीपीची गोळी रोज चालू. यंदा क्रिएटिनिन 1.3 आलं. लॅबच्या कागदावर 0.6 ते 1.3 नॉर्मल असं छापलंय, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण डॉक्टरांनी लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं, ते 180 आलं, आणि ते म्हणाले की किडनीवर परिणाम सुरू झालाय. रिपोर्ट नॉर्मल असताना असं कसं? किडनी रक्त गाळते म्हणजे नेमकं काय करते? ती साफ व्हावी म्हणून धण्याचं पाणी, भरपूर पाणी, असं काही द्यावं का?"

आधी थेट उत्तर देतो. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. 61 वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंमध्ये तयार होऊन मूत्रपिंडातून बाहेर पडणारा पदार्थ, 1.3 असेल तर आज वापरात असलेल्या 2021 च्या सूत्राने गाळण्याचा वेग मिनिटाला साधारण 47 मिलिलिटर निघतो. रिपोर्टवर 'ईजीएफआर' लिहिलेलं असतं ते हेच. निरोगी तरुण माणसात हा आकडा 100 ते 120 च्या घरात असतो. वयाप्रमाणे तो हळूहळू उतरतो, पण साठीतल्या निरोगी बाईचा 80 च्या आसपास तरी असायला हवा. 47 म्हणजे बरंच काही गेलेलं आहे. तरी या टप्प्यावर सापडलेली बहुसंख्य माणसं, औषधं आणि तपासण्या सांभाळल्या तर, डायलिसिसपर्यंत कधीच जात नाहीत. म्हणूनच हा रिपोर्ट आत्ता हाती आला हे चांगलं झालं.

आता 'गाळणं' म्हणजे काय ते पाहू. बहुतेकांच्या मनात चित्र असं असतं की रक्त आत येतं, घाण जाळीत अडकते आणि स्वच्छ रक्त पुढे जातं. मूत्रपिंड याच्या जवळजवळ उलट वागतं. ते घाण शोधून वेचत बसत नाही. दिवाळीच्या आधी माळा आवरताना आपण सगळं सामान खाली काढतो आणि लागेल तेवढंच परत वर ठेवतो, तशी त्याची रीत आहे. रक्तातलं पाणी, मीठ, साखर, युरिया, आम्लं, औषधांचे अंश, जे जे आकाराने लहान आहे ते सगळं एकदम बाहेर काढायचं, आणि मग शरीराला हवं ते मोजून परत घ्यायचं. जे परत घेतलं नाही ती लघवी.

या पद्धतीचा मोठा फायदा आहे. शरीराने आयुष्यात कधी न पाहिलेला एखादा पदार्थ पोटात गेला, काल-परवा शोधलेलं औषध असो की भाजीवर फवारलेलं रसायन, तो ओळखण्याची गरजच पडत नाही. तो लहान असेल, पाण्यात विरघळत असेल आणि प्रथिनांना चिकटून बसलेला नसेल तर गाळला जातो, आणि त्याला परत घेणारं कोणी नसल्याने निघून जातो. ओळख फक्त कामाच्या वस्तूंची ठेवायची, बाकीचं आपोआप बाहेर. अनेक वर्षं हेच शिकवत आणि तपासत आलो तरी या रचनेबद्दलचं माझं कौतुक कमी झालेलं नाही.

आकडे पाहिले की काम केवढं आहे ते कळतं. दोन्ही मूत्रपिंडांचं मिळून वजन सुमारे 300 ग्रॅम, शरीराच्या अर्धा टक्का. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर किंवा थोडं जास्तच, त्यांच्याकडे जातो. एवढं रक्त त्यांना स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही, ते गाळण्यासाठी येतं. त्यातून मिनिटाला सुमारे 120 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला 180 लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं. रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव जेमतेम तीन लिटर असतो, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो. आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचे 178 लिटर परत रक्तात.

मिठाचा हिशेब तर आणखी बोलका आहे. या 180 लिटरमध्ये दिवसाला जवळजवळ दीड किलो मीठ बाहेर येतं. आपण खातो 8-10 ग्रॅम, तेवढंच लघवीतून गेलं पाहिजे. दीड किलो बाहेर काढून त्यातलं 99 टक्क्यांहून जास्त परत घ्यायचं, आणि उरलेलं नेमकं काल खाल्लं तेवढं असावं, हे रोज, न चुकता. परत घेण्यात एक टक्क्याची गफलत झाली तर 15 ग्रॅम मिठाचा फरक पडेल. तेवढं मीठ अंगात अडकलं तर ते दीड-दोन लिटर पाणी धरून ठेवेल, पाय सुजतील, बीपी चढेल. मूत्रपिंडाचं खरं कौशल्य आहे ते या परत घेण्यात. शरीराचा समतोल तिथेच राखला जातो.

गाळण्याची जागा आधी पाहू. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. एक नेफ्रॉन म्हणजे गाळणारा एक गुच्छ आणि त्यापुढची परत घेणारी नलिका. माणसामाणसात हा आकडा खूप बदलतो, आणि जन्माच्या वेळी जेवढे असतील तेवढेच आयुष्यभराचे. नवीन तयार होत नाहीत. कमी वजनाच्या बाळांमध्ये ते मुळातच कमी असतात, म्हणून गरोदर बाईच्या पोषणाचा संबंध पन्नास वर्षांनंतरच्या रक्तदाबाशी लागतो. नेफ्रॉनच्या सुरुवातीला केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. त्याची खासियत ही की रक्त आत आणणारी आणि बाहेर नेणारी, दोन्ही टोकांना आकसणाऱ्या-सैलावणाऱ्या धमन्याच असतात. त्यामुळे मधल्या गुच्छातला दाब 50-60 मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवता येतो, इतर केशवाहिन्यांपेक्षा पुष्कळ जास्त. या दाबानेच पाणी बाहेर ढकललं जातं.

भिंत तीन थरांची. आतला थर सच्छिद्र, मधे एक पातळ पडदा, आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. त्यांचे बारीक पाय एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्या पायांमधल्या फटींवरही झिरझिरीत पडदा असतो. साखर, मीठ, युरिया यातून सहज जातात. रक्तातलं मुख्य प्रथिन अल्ब्युमिन मात्र अडतं, काही आकारामुळे, काही भिंतीवरच्या ऋण विद्युतभारामुळे. जे किंचित निसटतं तेही पुढची नलिका उचलून घेते. म्हणून निरोगी लघवीत अल्ब्युमिन जवळजवळ नसतंच. आईच्या रिपोर्टमधल्या 180 या आकड्याचा अर्थ इथे लागतो: दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे 180 मिलिग्रॅम अल्ब्युमिन, आणि निरोगी माणसात हे 30 च्या खाली असतं. भिंतीची राखण ढिली पडली आहे.

हे सगळं कोणी कसं शोधलं असेल, असं वाटतं ना? 1842 मध्ये इंग्लंडच्या विल्यम बोमन यांनी गुच्छाभोवतीचं आवरण आणि पुढची नलिका सलग आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुडविग यांनी मांडलं की दाबामुळे रक्तातलं पाणी गाळलं जातं आणि पुढे ते परत शोषलं जातं. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं वाद चालला. 1924 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एकाच गुच्छाच्या आवरणात केसाहून बारीक काचेची नळी घालून थेंबभर द्रव काढला. त्या द्रवात साखर होती, आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत नव्हती. मधल्या वाटेवर साखर कोणीतरी परत घेतली होती. वाद संपायला तो थेंब पुरला.

साखर परत घेण्याचं काम नलिकेच्या पहिल्या भागात होतं. दोन-तृतीयांश मीठ आणि पाणी, खाण्याच्या सोड्याच्या रूपातला बहुतेक सगळा अल्क, अमिनो आम्लं, हे सगळं इथेच उचललं जातं. निरोगी माणसाच्या 180 लिटर गाळात साखर असते सुमारे 180 ग्रॅम, ती पूर्णच्या पूर्ण. पण उचलण्याची क्षमता अमर्याद नाही. रक्तातली साखर 180 मिलिग्रॅमच्या आसपास गेली की उचलणारे अपुरे पडतात आणि लघवीत साखर उतरू लागते. पूर्वी लघवीला मुंग्या लागल्यावर मधुमेह ओळखत, तो असा.

तुमच्या आईच्या बाबतीत नेमकं काय बिघडलं, त्याची सुरुवातही बहुधा याच जागी झाली असणार. साखर उचलणारं इथलं मुख्य प्रथिन आहे एसजीएलटी-2. ते साखरेच्या कणासोबत सोडियमचा कणही उचलतं. रक्तात साखर सतत जास्त असेल तर नलिका ती वाया जाऊ नये म्हणून जास्त जोर लावते, आणि त्यासोबत मीठही जास्त परत घेते. नेफ्रॉनची नलिका पुढे फिरून पुन्हा आपल्याच गुच्छाला येऊन भिडते. तिथे बसलेल्या पेशी समोरून जाणाऱ्या मिठावरून गाळणं किती चाललंय याचा अंदाज घेतात. मीठ कमी पोहोचलं की त्यांना वाटतं गाळणं कमी होतंय, आणि त्या आत येणारी धमनी मोकळी करतात. गुच्छातला दाब वाढतो. मधुमेहाच्या सुरुवातीच्या वर्षांत गाळण्याचा वेग कमी न होता उलट वाढलेला असतो, तो यामुळे. क्रिएटिनिन छान दिसतं, कोणाला शंका येत नाही. पण वर्षानुवर्षं त्या दाबाखाली भिंत जाड होते, पोडोसाइट गळून पडतात, अल्ब्युमिन झिरपतं, आणि गुच्छ एकेक करून बंद पडतात. जे उरतात त्यांच्यावर गेलेल्यांचं काम येतं, दाब आणखी वाढतो. मूळ कारण आटोक्यात आलं तरी आजार पुढे सरकत राहतो तो या चक्रामुळे.

हे चक्र कळलं की औषधंही कळतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या बीपीच्या गोळ्या बाहेर नेणारी धमनी सैल करतात, म्हणून गुच्छातला दाब उतरतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं एसजीएलटी-2 लाच अडवतात. साखर आणि मीठ नलिकेतून पुढे जातं, त्या पहारेकरी पेशींना 'पुरेसं गाळलं जातंय' असा निरोप मिळतो, आणि आत येणारी धमनी आपसूक आकसते. 2019 ते 2023 या काळात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की या गटातल्या औषधांनी मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो, मधुमेह नसलेल्यांमध्येही. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात 2020 मध्ये संपलं आणि किंमत सामान्य घराला झेपेल इतकी उतरली. आईला हे सुरू आहे का, नसेल तर का नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण इथे घोटाळा होतो. ही दोन्ही प्रकारची औषधं सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं. दाब उतरवला म्हणजे गाळणं थोडं कमी होणारच, तोच तर हेतू होता. टेल्मिसार्टनच्या गटातलं औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढून तिथेच थांबलं तर ते चालवून घेतो. 'गोळीने किडनी बिघडली' असं समजून घरच्या घरी गोळी बंद करणारे पुष्कळ भेटतात, आणि ज्यांना सर्वांत जास्त फायदा झाला असता तेच औषधाला मुकतात. एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा, आणि निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

नलिका पुढे मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरून वळसा घेते आणि परत वर येते. या वळशाचं काम म्हणजे गाभ्यात खारटपणा साठवणं. उतरणाऱ्या भागातून पाणी बाहेर पडतं, चढणाऱ्या भागातून पाण्याविना मीठ बाहेर काढलं जातं, आणि खोल गाभ्यातली तीव्रता रक्ताच्या चौपट होते. शेवटची गोळा करणारी नळी याच खारट भागातून खाली येते. शरीरात पाणी कमी असेल तर मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटतं, त्या नळीच्या भिंतीत पाण्याची दारं उघडतात आणि पाणी आपोआप खारट बाजूला ओढलं जातं. ही दारं म्हणजे अ‍ॅक्वापोरिन. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाणी जास्त झालं की दारं मिटतात आणि लघवी पाण्यासारखी होते. निरोगी मूत्रपिंड दिवसाचा सगळा कचरा अर्ध्या लिटरमध्ये कोंबू शकतं किंवा दहा-बारा लिटरमध्ये पसरू शकतं.

म्हणून 'जास्त पाणी म्हणजे जास्त सफाई' या समजुतीत तथ्य नाही. तुम्ही दोन लिटर प्या की चार, गाळलं जातं तेच 180 लिटर. बदलतं ते शेवटी किती पाणी परत घेतलं एवढंच. ज्यांना वारंवार मूतखडा होतो त्यांनी लघवी दोन-अडीच लिटर होईल इतकं प्यावं, याला भक्कम आधार आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उन्हात राबणाऱ्यांनी तहानेची वाट न पाहता पीत राहावं, हेही खरं. पण आईला हृदयाचा त्रास नसेल, पायाला सूज नसेल तर तहानेप्रमाणे पिणं पुरे. बळजबरीने तांब्यामागून तांब्या पाजू नका.

पोटॅशियमची गोष्ट वेगळी. ते गाळलं जातं, जवळजवळ सगळं परत घेतलं जातं, आणि मग नलिकेच्या शेवटच्या भागात अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमाने हवं तेवढं पुन्हा बाहेर ढकललं जातं. शरीरातलं 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात ते 3.5 ते 5 या अरुंद पट्टीत राहावं लागतं, कारण हृदयाचे ठोके त्यावर अवलंबून असतात. ते 6.5-7 च्या पुढे गेलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि बरेचदा आधी काही जाणवतही नाही. आईचं पोटॅशियम किती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते पाहा. पाचच्या आत असेल तर केळी, टोमॅटो, पालेभाज्या सरसकट बंद करू नका. किडनीचं नाव काढलं की घरात आधी डाळ बंद होते, मग भाज्या, मग फळं, आणि सहा महिन्यांत माणूस वाळतो. वजनाच्या किलोमागे रोज 0.8 ग्रॅम प्रथिनं या टप्प्यावर योग्य आहेत. आई 60 किलोची असेल तर 48 ग्रॅम, म्हणजे रोजचं वरण, उसळ, दही बसतं. मांसाहार असेल तर मासे-अंडीही मापात बसतात. पोटॅशियम वाढलेलं असेल तर मात्र शहाळं, फळांचे रस, उपासाची रताळी-बटाटे यांवर लक्ष ठेवावं लागतं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की पोटॅशियम बरंच उतरतं. आणि बाजारात 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. बीपीच्या इतर रुग्णांना ते चांगलं असलं तरी मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला धोक्याचं ठरू शकतं. सैंधवही मीठच आहे, त्याने मिठाचा हिशेब बदलत नाही.

आम्लाबद्दल थोडक्यात. अन्नातल्या प्रथिनांपासून रोज साधारण 60 मिलिमोल आम्ल तयार होतं, जे श्वासातून जाऊ शकत नाही. लघवी कितीही आम्लधर्मी केली तरी मोकळ्या रूपात एवढं आम्ल टाकायला दिवसाला जवळजवळ 1900 लिटर लघवी लागली असती. मूत्रपिंड त्यासाठी स्वतः अमोनिया तयार करतं, आम्लाला त्यात बांधतं आणि दीड लिटरमध्ये बाहेर धाडतं. आजार वाढला की हे काम मागे पडतं, आम्ल शमवणारं रक्तातलं बायकार्बोनेट उतरतं, हाडं-स्नायू झिजतात. तेव्हा सोड्याच्या गोळ्या देतो. याखेरीज हाडाच्या मगजाला तांबड्या पेशी तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन आणि ड जीवनसत्त्वाचं क्रियाशील रूपही मूत्रपिंडातच तयार होतं, म्हणून आईचं हिमोग्लोबिन तपासत राहा.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो: रिपोर्ट नॉर्मल कसा? क्रिएटिनिन स्नायूंमध्ये रोज ठरावीक प्रमाणात तयार होतं, गाळलं जातं आणि परत घेतलं जात नाही. गाळण्याचा वेग निम्मा झाला तर सुरुवातीला ते रक्तात साठतं. पातळी दुप्पट झाली की निम्म्या गाळातूनही रोजचं उत्पादन पूर्ण बाहेर पडू लागतं, आणि आकडा तिथे स्थिरावतो. कोणाचं क्रिएटिनिन 0.6 वरून 1.2 झालं तर दोन्ही रिपोर्टवर 'नॉर्मल'च येईल, पण अर्धं काम गेलेलं असेल. शिवाय ते स्नायूंवर अवलंबून. 25 वर्षांच्या मुलाचं 1.3 असेल तर त्याच सूत्राने वेग 78 निघतो, आईचा 47. लॅबने छापलेली पट्टी मात्र बरेचदा सगळ्यांना एकच असते. म्हणून माझा आग्रह आहे की मधुमेह किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, दोन्ही करून घ्यावं. लघवीची ही तपासणी स्वस्त आहे आणि क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी वर्षं आधी बोलते. फक्त ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा फार श्रम झाले असतील तर आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून आजार पक्का म्हणण्याआधी तीन महिन्यांच्या अंतराने ती पुन्हा करतात.

साफ करण्याच्या उपायांबद्दल. मूत्रपिंडात साचून राहणारी घाण नसते, त्यामुळे धुऊन काढण्यासारखं काही नाही. धण्याचं पाणी कपभर घेतलं तर बिघडणार नाही, पण बंद पडलेला गुच्छ त्याने उघडणार नाही. पुड्या, भस्मं, ज्यांत काय आहे हे पाकिटावर नाही, ती नकोत. अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे आणि दोन्ही नलिकांना घातक आहेत. कमरक (स्टार फ्रूट), गोव्याकडे करमल म्हणतात ते फळ, मूत्रपिंडाच्या रुग्णाने अजिबात खाऊ नये. त्यातलं विष बाहेर टाकता न आल्याने उचकी, भ्रम, झटके येऊन माणसं दगावली आहेत.

माझ्या मते सर्वांत मोठा टाळता येण्यासारखा धोका आहे दुखण्यावरच्या गोळ्यांचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसेक्लोफेनॅक या गोळ्या गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून सहज आणल्या जातात. मूत्रपिंडावर ताण असताना आत येणारी धमनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाच्या जोरावर मोकळी राहते. या गोळ्या नेमकं तेच बंद करतात. त्यात टेल्मिसार्टनने बाहेरची धमनी सैल, लघवीच्या गोळीने पाणी कमी, आणि वरून जुलाब-उलट्या किंवा उन्हाचा तडाखा, असं एकत्र आलं की गुच्छातला दाब कोसळतो आणि दोन दिवसांत गाळणं थांबू शकतं. आईला दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि त्याहून जास्त लागलं तर डॉक्टरांना विचारून. जुलाब-उलट्या लागल्या आणि खाणं-पिणं थांबलं तर टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. निर्जळी उपास आता नको. डॅपाग्लिफ्लोझिन चालू असताना दीर्घ उपास केला तर साखर फारशी न वाढताही रक्तात घातक आम्ल साठू शकतं. नवरात्राचे नऊ दिवस धरायचे असतील तर आधी औषधं बदलून घ्या.

डायलिसिसबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. 1943 मध्ये विलेम कोल्फ यांनी जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये पहिलं यंत्र चालवलं, आणि आजचं यंत्र कितीही सुधारलेलं असलं तरी त्यात नलिका नाही. पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला आपण ठरवून मिसळलेलं पाणी. काय आणि किती ठेवायचं हा निर्णय यंत्र घेत नाही, तो आम्ही त्या पाण्यातल्या पोटॅशियम-बायकार्बोनेटच्या प्रमाणातून आधीच घेतलेला असतो. तेही आठवड्याच्या 168 तासांपैकी बहुधा 12 तास. मधल्या तासांचा समतोल रुग्णाने पथ्याने सांभाळायचा. जे काम तुमच्या आईची मूत्रपिंडं 47 च्या वेगानेही अजून चोवीस तास करताहेत, ते शक्य तितकी वर्षं त्यांच्याकडेच राहावं, यासाठी ही सगळी धडपड.

तर आता एवढं करा. मागच्या आठ-दहा वर्षांचे जितके रिपोर्ट सापडतील तितके शोधून क्रिएटिनिनचे आकडे तारखेनुसार एका कागदावर लिहा. आकडा पाच वर्षांपूर्वीही 1.2 होता की वर्षभरापूर्वी 0.9 होता, यावरून पुढची दिशा पूर्ण बदलते, आणि झपाट्याने वाढला असेल तर मधुमेहाखेरीज दुसरं कारण शोधावं लागतं. बीपी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहा. ते 130/80 च्या खाली ठेवायचं आहे. मीठ दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सगळ्या स्वयंपाकासकट एक सपाट चमचा. लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलंही त्यातच धरायचं. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, मधुमेहाने तिथे बदल झाले असतील तर लघवीतल्या अल्ब्युमिनचं कारणही तेच असण्याची शक्यता वाढते. सोनोग्राफी एकदा. तीन महिन्यांनी लघवीची तपासणी पुन्हा, सोबत पोटॅशियम, बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन आणि एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी). यादरम्यान लघवी एकदम कमी झाली, धाप लागली, चेहरा-पाय सुजले किंवा उलट्या थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि आई घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, दुखण्यावरच्यासुद्धा, सोबत घेऊन जा.